आखाड्यावरचा मोबाइल: पेसमेकर, विजा आणि ऐंशी रुपयांचा चार्जर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे आबा ६८ वर्षांचे, सेलू तालुक्यात शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या खोपटात राहतात. मागच्या वर्षी त्यांना पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र, बसवला. भावानं नवा स्मार्टफोन दिला, तो ते बंडीच्या डाव्या खिशात ठेवतात आणि रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपतात. गावात एक जण सांगतो मोबाइलमुळं अंगावर वीज पडते, दुसरा सांगतो लहरींनी पेसमेकर बंद पडतो. मग फोन काढूनच घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

काढून घेऊ नका. पेसमेकरवाला माणूस रानात एकटा असतो, त्याच्याजवळ तर फोन हवाच. मी परभणीत एकोणीस वर्षं मोबाइल दुरुस्तीचं काम करतोय. कीपॅडच्या फोनचे माइक बदलायचो तेव्हापासून टेबल तेच आहे. त्या टेबलावर जळालेले, फुगलेले, विहिरीतून गळ टाकून काढलेले, सगळ्या तऱ्हेचे फोन आले. लहरींनी बिघडलेला माणूस काही माझ्याकडं आला नाही. चार्जरनं पोळलेले मात्र बरेच आले. तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की मूळ चार्जर हरवला म्हणून बाजारातून ८० रुपयांचा आणलाय आणि त्यानं कधीकधी बोटाला झिणझिण्या येतात. तुमच्या सगळ्या प्रश्नात मला काळजी वाटली ती त्या एका ओळीची.

पण पेसमेकरचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. फोन पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवायचा, म्हणजे वीतभर धरा. पेसमेकर बहुतेक वेळा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली असतो आणि बंडीचा डावा खिसा नेमका त्याच्याच डोक्यावर येतो. त्यामुळं खिसा बदला. उजव्या बाजूला कमरेला अडकवायची कापडी पिशवी शिवून घ्या आणि फोन उजव्या कानाला लावायची सवय लावा. हल्ली पाठीला लोहचुंबक असलेले फोन आणि चुंबकाची खटकी असलेली पाकिटं, कव्हरं आलीत. आबांसाठी ती नकोत, कारण जवळून लागलेलं चुंबक पेसमेकरची चाल बदलू शकतं. लांब केलं की तो परत आपल्या चालीवर येतो. पेसमेकरचं कार्ड डॉक्टरांनी दिलं असेल, त्यावर कंपनीचं नाव असतं. पुढच्या तपासणीला फोनचं अंतर त्यांच्याकडूनही एकदा पक्कं करून घ्या, तिथं त्यांचाच शब्द शेवटचा.

आता चार्जर. भिंतीतून येते ती २३० व्होल्टची लाईन आणि फोनला लागतात ५ किंवा ९ व्होल्ट. मधे चार्जरमध्ये बोराएवढा ट्रान्सफॉर्मर असतो. त्यात तारेची दोन वेटोळी असतात आणि ती एकमेकींना कुठंही टेकत नाहीत. एकीकडची ताकद दुसरीकडं जाते ती चुंबकत्वानं. तुमच्या हातातला फोन आणि खांबावरची लाईन यांच्यामधे आडवं काय असतं, तर ही न टेकण्याची जागा. चांगल्या चार्जरच्या प्लेटवर, म्हणजे आतल्या सर्किटच्या पट्टीवर, हे अंतर डोळ्यांना दिसतं. पाच-सहा मिलिमीटरचा मोकळा पट्टा सोडलेला असतो, कधी तर प्लेटला तिथं आरपार चीरच पाडलेली असते, वेटोळ्यांमध्ये पिवळ्या टेपचे थरावर थर असतात.

गेल्या महिन्यात एक दाजी असाच एक चार्जर घेऊन आले, म्हणाले फोन धरला की हात मुंग्यावतो. मी त्यांच्यासमोरच तो पकडीनं फोडला. आत ट्रान्सफॉर्मरवर टेपचा एकच वेढा, तोही सुटत आलेला. प्लेटवर लाईनकडच्या बाजूचा डाखाचा गोळा ओघळून फोनकडच्या बाजूच्या इतका जवळ आला होता की मधे ब्लेडचं पातंच काय ते गेलं असतं. फ्यूज नाही. वजन रिकाम्या काडेपेटीएवढं. दाजींना म्हटलं, पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून हा लावलेला फोन कानाला धरला असता तर तुमच्यात आणि डीपीत (गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) काहीच आडवं नव्हतं.

एक मात्र खरं सांगायला पाहिजे. धातूच्या कडेचा फोन चार्जिंगला असताना बोटाची मागची बाजू हळूच फिरवली तर चांगल्या चार्जरलाही बारीक सरसर जाणवते. आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून नगण्य करंट झिरपतो, त्यानं इजा होत नाही. पण ही साधी सरसर आणि ती जीवघेणी गळती यांतला फरक बोटाला कळत नाही, तो मीटरला कळतो. म्हणून स्वस्त चार्जरला झिणझिण्या आल्या की तपासत बसू नका, तो काढून टाका.

आपल्याकडं आणखी एक भानगड आहे, शहरातल्या लोकांना ती माहीत नसते. डीपीवर न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की घरातल्या २३० ऐवजी कधी चारशेच्या जवळपास व्होल्ट येतात. एका रात्रीत अख्ख्या गल्लीचे बल्ब, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स उडतात आणि सकाळी माझ्या दुकानापुढं रांग लागते. चांगला चार्जर तेव्हा आतला फ्यूज उडवून स्वतः मरतो आणि फोन वाचतो. ऐंशी रुपयांचा मरताना फोनला सोबत घेऊन जातो, कधी पेट घेतो. तो उशाशी, वाकळीवर असेल तर पुढं काय होईल ते मी सांगायला नको.

नवा घेताना फोनच्याच कंपनीचा किंवा नाव असलेल्या कंपनीचा घ्या, पावतीसकट. चारशे ते सहाशेत येईल. त्यावर बीआयएसची, म्हणजे सरकारी मानक संस्थेची खूण आणि इंग्रजी आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. नुसत्या छापण्यावर जाऊ नका, छापायला कोणाला काय लागतं. 'बीआयएस केअर' नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर दुकानदाराला परत द्या. रागावला तर रागावू द्या. केबलची मान जिथं मोडून तारा दिसतात तिथं चिकटपट्टी गुंडाळून आम्ही सगळे महिने काढतो, मीसुद्धा काढलेत. आखाड्यावर तसं नको. आणि फोन पिनला असताना बोलायचं नाही, आधी पिन काढायची. ही एक सवय आबांना लागली तरी निम्मं काम झालं.

रात्रभर चार्जिंगला लावणं वाईट का, असं लोक विचारतात. चांगला चार्जर आणि बरी बॅटरी असेल तर फोन भरला की स्वतःच करंट तोडतो, त्याची भीती नको. भीती जागेची. उशी, वाकळ, कडब्याची गंजी, कापसाचं बोचकं यांच्यावर किंवा शेजारी लावायचा नाही. फोनची ऊब बाहेर जायला वाट पाहिजे. फरशीवर नाहीतर भिंतीतल्या दगडी कोनाड्यात ठेवा, अंथरुणापासून दोन हात लांब.

बॅटरीचं दुखणं आपल्या उन्हाचं आहे. फोन बनवणाऱ्या कंपन्या सांगतात की आजूबाजूला ३५ अंशांपर्यंत तापमान असावं. मे महिन्यात परभणीत सावलीतच ४२-४३ असतं, पत्र्याच्या आखाड्यात त्याहून जास्त. पूर्ण भरलेली लिथियमची बॅटरी अशा उकाड्यात रोज राहिली की आतलं रसायन हळूहळू मोडतं, त्याचा वायू होतो आणि बॅटरीला पोट येतं. फोन गरम होऊन चार्जिंग थांबवतो तेव्हा लोक म्हणतात बिघडला, पण तेव्हा तो स्वतःला वाचवत असतो. कव्हर काढा, सावलीत वाऱ्याला ठेवा, अर्ध्या तासानं लावा. फ्रीजमध्ये ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळू नका. थंड फोन बाहेर काढला की आत दव धरतं आणि मग तो माझ्याकडं येतो. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरणंही सोडा. त्यानं पाणी ओढलं जात नाही, पिनच्या भोकात कणी आणि भुकटी तेवढी अडकते. भिजला तर बंद करा, पिनचं तोंड खाली धरून झटका, दिवसभर वाऱ्याला ठेवा आणि तोवर चार्जर लावू नका.

पोट आलंय का हे घरीच बघता येतं. फोन पालथा-उताणा करून सपाट काचेवर ठेवा आणि बोटानं टिचकी मारा. भिंगरीसारखा गरगर फिरला तर मधे फुगवटा आहे. स्क्रीनची कड उचलली असेल, मागचं झाकण कटकट वाजत असेल, तरीही तेच. मग चार्जिंग बंद, फोन बंद आणि दुकान. दाबून बसवायचा नाही, रबर लावायचं नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्याकडं काम शिकणाऱ्या पोरानं एकदा फुगलेली बॅटरी ब्लेडनं उचकटली. मी पलीकडं गिऱ्हाइकाशी बोलत होतो. आधी गोडसर वास आला, नेलपॉलिशसारखा. मी मान वळवेपर्यंत सुर्रर्र आवाज, पांढरा धूर, मग वीतभर जाळ. पोराच्या दोन भुवया गेल्या, डोळे वाचले ते भिंगाच्या चष्म्यामुळं. चिमट्यानं उचलून ती टेबलाखालच्या वाळूच्या घमेल्यात टाकली तरी पाच मिनिटांनी ती परत पेटली. तो धूर विषारी असतो, दोघंही दिवसभर खोकत होतो. त्या दिवसापासून बॅटरी उचकटायला दुकानात प्लास्टिकची पट्टीच वापरतो आणि कोरड्या वाळूचं घमेलं जागचं हलू देत नाही. आखाड्यावर असं काही झालंच तर आधी मेन स्विच पाडायचा, जमलं तर वरून वाळू-माती लोटायची, नाही जमलं तर बाहेर पडायचं. फोन वाचवायला हात घालायचा नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आबा शेतकरी आहेत म्हणून विचारतो: शेतीची लाईन रात्रपाळीत असते तेव्हा ते मोटारीच्या स्टार्टरची पेटी कशी उघडतात? मी बघितलंय ते असं. रात्री दीडला लाईन येते, मोटार उचलत नाही, माणूस चिखलातून पेटीपाशी जातो, मोबाइलची बॅटरी (टॉर्च) लावून फोन दातात धरतो आणि दोन्ही हातांनी फ्यूज चाचपतो. मान वाकलेली, तोंडात धातूच्या कडेचा फोन, समोर तीन उघड्या फेज. फोन सुटून पेटीत पडला तर माणूस बघत बसत नाही, झेलायला हात आपोआप पुढं जातो. डोक्याला बांधायची बॅटरी दोन-तीनशे रुपयांत मिळते. पुढच्या फेरीला तीच भेट न्या. तिचा उजेड पायापुढंही पडतो, जनावराच्या भीतीनं तेही बरं. आणि फोन दातात धरायची सवय मोडली तर दुसराही फायदा आहे. फवारणीच्या हातानं फोन घेतला जातो आणि तोच पुढं तोंडाला, कानाला लागतो. फवारणी चालू असताना फोन पिशवीत झाडाला टांगलेला बरा. वाजला तर वाजू द्या, आधी साबणानं हात.

विहिरीचंही तसंच. वाकलं की वरच्या खिशातला फोन घसरतो. पडला तर पडू द्यायचा.

विजेचं ऐका. फोन वीज ओढत नाही. वीज उंच आणि एकट्या वस्तूकडं जाते, उघड्या रानात उभा माणूस किंवा एकटं कडुलिंबाचं झाड तिला पुरतं. मग हा समज आला कुठून? वीज पडून माणूस जातो आणि त्याच्या खिशात जळालेला मोबाइल सापडतो, लोक दोन्हीची गाठ मारतात. खिशात पान-सुपारीची डबी असती तर तीही काळी पडली असती. पिनला लावलेला फोन मात्र वेगळा, कारण वीज लाईनवर पडली तर तारेतून थेट घरात येते. गडगडायला लागलं की चार्जर भिंतीतून उपटायचा आणि स्टार्टरपासून लांब राहायचं. उलट इथं फोन कामाचा आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप टाकून द्या, ते आपल्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत विजा पडत असतील तर सांगतं. रेंज नसेल तर आबांना मोजायला शिकवा: लखलखाट आणि गडगडाट यांच्यामधे तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर झाड सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. नुसता पत्र्याचा उघडा आखाडा यासाठी पुरेसा नाही, हे त्यांना पटवणं अवघड जाईल, पण सांगा.

लहरी आणि कॅन्सर याबद्दल दोनच ओळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कॅन्सर करू शकतील' या गटात टाकलं होतं, त्याच गटात लोणच्यासारख्या खारवलेल्या आशियाई भाज्याही आहेत. २०२४ मध्ये याच संघटनेनं करून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही. आपल्याकडं १ सप्टेंबर २०१२ पासून फोनच्या लहरी शरीरात किती शिराव्यात यावर प्रति किलो १.६ वॅटची मर्यादा आहे, आपल्या फोनचा आकडा *#०७# दाबून बघता येतो. रेंजची एकच काडी असते तेव्हा फोन टॉवर गाठायला जास्त जोर लावतो, त्यानं गरमही होतो आणि बॅटरीही खातो. अशा वेळी स्पीकरवर बोलावं, एवढंच.

आबा मोटारसायकलवर जात असतील तर फोन गमजात खोचून बोलणं बंद. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड आहे, पण दंडापेक्षा रस्त्यावरचे खड्डे मोठे आहेत.

आता फोनच्या आतला धोका. एक अण्णा आले, म्हणे फोन तापतोय, आपोआप चालतोय. बॅटरी ठणठणीत होती. उघडून बघितलं तर 'पीएम किसान' नाव आणि सरकारी दिसणारं चिन्ह असलेलं ॲप, व्हॉट्सॲपच्या गावच्या ग्रुपवरून आलेलं. ते एपीके होतं, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून फाईल म्हणून येणारं ॲप. त्याला मेसेज वाचायची परवानगी दिलेली, म्हणजे बँकेचा ओटीपी अण्णांच्या आधी दुसरंच कोणी वाचत होतं. सकाळीच ४१ हजार गेले होते, अण्णांना पत्ताच नव्हता. पीकविमा मंजूर, लग्नाची पत्रिका, वीजबिलाची थकबाकी, आरटीओचं चलन, अशी नावं बदलत राहतात, फाईल मात्र एपीके असते. आबांच्या फोनमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल' ही परवानगी व्हॉट्सॲप आणि ब्राउझर दोन्हींची बंद करा, प्ले स्टोअरमधलं ॲप तपासणारं प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घ्या. आणि पोलीस व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाहीत.

पैसे गेलेच तर फोन एरोप्लेन मोडवर टाकून दुसऱ्याच्या फोनवरून लगेच सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक १९३० लावायचा, मग बँकेला. पहिल्या तासात लावला तर रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता असते. अण्णांचे काही परत आले, सगळे नाहीत. फोन हरवला तर 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक टाकून तो बंद करता येतो. तो क्रमांक *#०६# दाबून आजच वहीत लिहून ठेवा. आणि फोन आमच्यासारख्याकडं दुरुस्तीला द्याल तेव्हा सिम काढून द्या, यूपीआय ॲपमधून बाहेर पडून द्या. मी दुकानदार असून सांगतोय. चांगल्या दुकानदाराला त्याचा राग येत नाही.

तुम्ही गावी जाल तेव्हा फोनच्या सेटिंगमध्ये आणीबाणीची माहिती भरा: नाव, पेसमेकर आहे, गोळ्या कुठल्या, तुमचा आणि भावाचा नंबर. कुलूप लागलेल्या स्क्रीनवरूनही ती दिसते. बाजूचं बटण पाच वेळा दाबलं की ११२ लागेल किंवा तुम्हाला संदेश जाईल अशी सोय बऱ्याच फोनमध्ये असते. ती चालू करून आबांना एकदा करून दाखवा, मात्र खिशात चुकून दाबली जात नाही ना ते बघा.

नवा चार्जर दिल्यावर जुन्या चार्जरची वायर मुळापासून कापून टाका, नुसता कचऱ्यात टाकू नका. आबा तो उचलून गड्याच्या फोनला देतील. माझ्या वडिलांनी दिला होता.